सगळीकडे ६.२ व्होल्ट, तरी येझदी तापली की बंद पडते

रामबागवाला (इंदूर)
सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, बरेच दिवस वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

गाडी १९७६ची येझदी २५०. ६ व्होल्ट, डायनॅमोवाली (इंजिन फिरलं की तो बॅटरीसाठी वीज तयार करतो), बाबांची. १९९४पासून वाड्याच्या पडवीत गोणपाटाखाली उभी होती. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर कामाला काढली, आठ महिने लागले. फ्रेमला पावडर कोटिंग, वायरिंगचा नवा हार्नेस, नवी बॅटरी, ठिणगीसाठी व्होल्टेज चढवणारी नवी कॉइल, इंजिनाचे सील आणि बेअरिंग. दिसायला अशी झालीय की गल्लीतली पोरं हात लावून बघतात.

आता दुखणं. सकाळी दुसऱ्या किकला सुरू होते. रामबागेतून निघालो की सात-आठ किलोमीटर एकदम मक्खन. राजेंद्रनगरच्या आसपास आलं की दोन-तीनदा मिस मारते आणि गपकन बंद. मग कितीही किक मारा, ढिम्म. वीस-पंचवीस मिनिटं सावलीत उभी केली की पहिल्या किकला सुरू, आणि पुन्हा पाच किलोमीटरवर तेच. हे आत्तापर्यंत अकरा वेळा झालंय. रात्री ब्रेक दाबला की हेडलाइट मंदावतो, आणि हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो.

कंडेन्सर दोनदा बदलला. प्लग नवा. पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट तोडणारे संपर्क, ०.४ मिमीला लावले. जेल रोडवरून मल्टिमीटर आणला. इंजिन बंद, लाइट बंद ठेवून मोजलं तर बॅटरीवर ६.२, किल्लीच्या स्विचवर ६.२, कॉइलवर ६.२, हॉर्नच्या तारेवर ६.२. सगळीकडे बरोबर असेल तर दोष आहे कुठे?

बाबा ७६ वर्षांचे आहेत. लहानपणी आम्हाला दोघा भावांना टाकीवर आणि मागे बसवून ते महूजवळच्या जानापावच्या टेकडीवर न्यायचे. पावसाळ्याआधी एकदा त्यांना मागे बसवून तिथे जायचंय, एवढीच इच्छा आहे. कुठून सुरुवात करू?


लष्करवाला (ग्वाल्हेर)
सोमवार, रात्री ११.०५

सरळ १२ व्होल्ट करून टाका. ६ व्होल्टची बॅटरी मिळायची मारामार, बल्ब मिळायची मारामार. माझ्याकडे राजदूत १७५ आहे, तिला मॅग्नेटो, ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही, त्यामुळे मी सुखी आहे. तुमच्या गाडीत ठिणगी बॅटरीच्या जिवावर आहे. एक किट बसवा आणि विषय संपवा.


बडोदेकरीण (वडोदरा)
मंगळवार, सकाळी ७.१५

बारा व्होल्टचं नंतर बघू. दादा, तापल्यावर बंद पडणारी गाडी म्हणजे विजेचाच दोष, असं आधीच धरून चालू नका. पुढच्या वेळी बंद पडली की त्याच जागी, त्याच मिनिटाला दोन गोष्टी करा. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल उतरत नाहीये. मग झाकण लावून, पेट्रोलचा कॉक बंद करून प्लग काढा, टोपीत बसवून हेडच्या पंख्यांना टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, टू-स्ट्रोक आहे, भोकातून पेट्रोलची वाफ येते. ठिणगी कशी दिसते ते लिहा. निळी आणि ‘टक्‌’ असा आवाज येणारी, की पिवळट, बारीक. थंड झाल्यावर घरी केलेल्या तपासणीचा इथे काही उपयोग नाही.

आणि एक प्रश्न. पावडर कोटिंग केलंत, तेव्हा बॅटरीची अर्थची तार, म्हणजे करंटच्या परतीची वाट, फ्रेमला जिथे लागते ती जागा कोणी झाकून ठेवली होती का?

माझी १९८४ची बुलेट रंगून आली तेव्हा मी तीन महिने अशीच फिरले. हॉर्न दाबला की ॲमीटरचा काटा आडवा पडायचा. रेग्युलेटर बदलला, बॅटरी बदलली. रंगाखाली अर्थ दबलेला होता.


महूचा_सिग्नल (महू)
मंगळवार, दुपारी २.३०

रामबागवाला, तुमच्या मजकुरात दोन वेगळी दुखणी आहेत, ती एकत्र करू नका. ब्रेक दाबल्यावर लाइट मंदावणं हे एक. तापल्यावर बंद पडणं हे दुसरं. त्यांचं मूळ एकच असेलही, पण तसं गृहीत धरलंत की दोन्ही सापडायची नाहीत. पहिलं सोपं आहे, ते आधी संपवा.

आता तुमच्या ६.२चं. मी लष्कराच्या सिग्नल्समध्ये २४ वर्षं काढली आणि नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचो. मल्टिमीटर मोजताना जवळजवळ करंट घेतच नाही, एका ॲम्पिअरचा दशलक्षांश हिस्सासुद्धा नाही. एखाद्या तारेचे वीसपैकी एकोणीस धागे तुटलेले असतील आणि एकच शिल्लक असेल, तरी मीटर ६.२च दाखवणार. नळ बंद असताना पाइप अर्धा बुजलेला असला तरी दाब पूर्णच दिसतो, नळ सोडला की कळतं. तुम्ही सगळी मापं नळ बंद ठेवून घेतली आहेत.

म्हणून नुसतं व्होल्टेज मोजू नका, गळती मोजा, म्हणजे करंट वाहताना वाटेत किती व्होल्ट हरवतात ते. मीटर डीसी व्होल्टच्या लहान रेंजवर लावा. एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटीवर धरा. क्लॅम्पवर नको, खुद्द शिशाच्या खुंटीवर. दुसरं टोक इंजिनाच्या घासून उघड्या केलेल्या धातूवर. आता किल्ली चालू करून पॉइंट मिटलेल्या जागी आणा आणि आकडा लिहून घ्या. मग हेडलाइट लावा, आकडा लिहा. मग ब्रेक दाबा, आकडा लिहा. ६ व्होल्टच्या गाडीत हा आकडा ०.१च्या आत हवा, ०.२ झाला तरी मी चावी-पाना काढतो.

हे सगळं भराभर करा. इंजिन बंद, किल्ली चालू आणि पॉइंट मिटलेले असले की कॉइलमधून करंट सतत वाहतो. बोलत बसलात तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

लष्करवाला, तुमच्यासाठी हिशेब. ३५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण २.९ ॲम्पिअर घेतो, तोच ६ व्होल्टवर ५.८. एखाद्या सांध्यात ०.२ ओहमचा अडथळा असेल तर १२ व्होल्टच्या गाडीत अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर जातं, म्हणजे शेकडा पाच. ६ व्होल्टच्या गाडीत १.२ व्होल्ट जातात, म्हणजे शेकडा वीस. दोष तोच, नुकसान चौपट. १२ व्होल्ट केल्यावर गाडी सुधारल्यासारखी वाटते ती यामुळे. तो खराब सांधा मात्र तिथेच बसलेला असतो.


लष्करवाला (ग्वाल्हेर)
मंगळवार, दुपारी ३.१०

काका, हा हिशेब मला कोणी असा सांगितला नव्हता. माघार घेतो, पण बॅटरी मिळत नाही हे माझं म्हणणं कायम आहे.


रामबागवाला (इंदूर)
बुधवार, रात्री ९.२०

काका, ताई, मोजलं.

फक्त किल्ली: ०.३ व्होल्ट.
हेडलाइट लावल्यावर: १.३.
ब्रेक दाबल्यावर: १.९.

१.९! म्हणजे सहापैकी जवळजवळ दोन व्होल्ट परतीच्या वाटेतच अडकत होते.

बॅटरीच्या डब्यामागे फ्रेमला जो बोल्ट आहे, तिथे अर्थची तार लागते. बोल्ट काढला. तारेच्या टोकाची थिंबल चकचकीत, बोल्ट चकचकीत, आणि त्या दोघांच्या खाली पावडरचा गुळगुळीत काळा थर, डाग नाही की ओरखडा नाही. करंट जात होता तो फक्त बोल्टाच्या आट्यांमधून, तिथे कुठेतरी कोटिंग खरवडलं गेलं होतं म्हणून. कानशीने एक रुपयाच्या नाण्याएवढी जागा घासली. आधी काळी भुकटी पडली, मग राखाडी, मग खालचं पांढरं लोखंड लखलखलं. इंजिन ज्या बोल्टांनी फ्रेमला धरलंय तिथेही तेच, म्हणजे इंजिनसुद्धा अर्धवटच अर्थ झालं होतं.

दातेरी वॉशर घातला, वरून पेट्रोलियम जेली लावली. शिवाय बॅटरीच्या अर्थवरून थेट इंजिनाच्या बोल्टावर जाड तार टाकली. तिन्ही आकडे आता ०.०४, ०.०७ आणि ०.०९.

हॉर्न वाजवला तर शेजारच्या आजी बाहेर आल्या. ब्रेक दाबल्यावर हेडलाइट जराही हलत नाही.

पण आज संध्याकाळी राजेंद्रनगरच्या जवळ पुन्हा बंद. झाकण उघडलं, आवाज नाही, फरक नाही. प्लग टेकवून किक मारली. ठिणगी पिवळी, केसासारखी बारीक, तीन किकांत एकदा. अर्ध्या तासाने तीच निळी झाली.


बडोदेकरीण (वडोदरा)
बुधवार, रात्री ९.४५

छान काम! म्हणजे पेट्रोल संशयातून सुटलं, दोष ठिणगीचाच. त्या घासलेल्या जागेचा फोटो नक्की टाका, रंगकाम करून घेणाऱ्या प्रत्येकाला दाखवण्यासारखा आहे.

बाकीच्यांसाठी एक सूचना. जुन्या इंग्लिश धाटणीच्या काही गाड्यांत बॅटरीचं धन टोक अर्थ असायचं. तार काळी की लाल यावर विसंबू नका, आपल्या गाडीचं कोणतं टोक फ्रेमला जातं ते डोळ्यांनी बघून मग हात घाला.


नवी_किक (उज्जैन)
बुधवार, रात्री १०.३०

मध्येच विचारतेय, माफ करा. माझ्या मामांची जावा मला मिळणार आहे म्हणून सगळं वाचतेय. सगळे आधी कंडेन्सर बदलतात. तो नक्की करतो काय? दोन मेकॅनिकना विचारलं, दोघेही म्हणाले, ‘करंट साठवतो’.


महूचा_सिग्नल (महू)
गुरुवार, सकाळी ११.००

ताई, प्रश्न अगदी योग्य आहे, माफी कसली.

कॉइलमध्ये लोखंडी गाभ्यावर तारेचे दोन वेटोळे असतात. एक जाड तारेचं, मोजक्या फेऱ्यांचं, दुसरं केसासारख्या तारेचं, हजारो फेऱ्यांचं. पॉइंट मिटलेले असताना जाड वेटोळ्यातून बॅटरीचा करंट वाहतो आणि गाभ्यात चुंबकत्व भरतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, चुंबकत्व कोसळतं, आणि त्या कोसळण्याने बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्ट उठतात. ते प्लगला जातात. सगळी मदार चुंबकत्व किती झटक्यात कोसळतं यावर आहे.

पण वाहता करंट एकदम थांबायला तयार नसतो. पॉइंट जेमतेम उघडलेले असतात, अंतर कागदाएवढं, आणि करंट त्या फटीतून उडी मारून वाहत राहतो. म्हणजे ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवर पडते आणि चुंबकत्व रेंगाळत उतरतं. कंडेन्सर पॉइंटला जोडून बसवलेला असतो. त्या पहिल्या क्षणी तो करंटला दुसरी वाट देतो, स्वतःत घेतो. तेवढ्यात पॉइंट पुरेसे उघडतात, उडी मारायला जागाच राहत नाही आणि करंट तटकन तुटतो. ‘साठवतो’ हे खरं आहे, पण एका क्षणाच्या बारीकशा हिश्श्यापुरतं.

म्हणून कंडेन्सर गेला की दोन खुणा दिसतात. अंधारात पाहिलं तर पॉइंटवर लख्ख निळी ठिणगी उडत असते, आणि पॉइंट लवकर जळून काळे पडतात. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि समोर उंचवटा तयार झाला असेल तरी संशय कंडेन्सरवरच.

रामबागवाला, तुमचे पॉइंट कसे दिसतात? आणि कॉइलवर काय छापलंय? जाड वेटोळ्याच्या दोन टोकांमध्ये ओहम मोजा, दोन्ही तारा सोडवून.


रामबागवाला (इंदूर)
गुरुवार, रात्री ८.५०

काका, पॉइंट स्वच्छ आहेत. राखाडी, सपाट, खड्डा नाही. अंधार करून बघितलं, बारीक ठिपक्याएवढी ठिणगी, जास्त नाही. म्हणजे दोन कंडेन्सर विनाकारण बदलले.

कॉइल टाकीखाली आहे. छापील बाजू फ्रेमकडे वळवून बसवली होती, म्हणून कधी दिसलीच नाही. क्लॅम्प सैल करून फिरवली. त्यावर स्पष्ट ‘१२ V’ छापलंय. माप आलं ३.४ ओहम.

ज्यांनी वायरिंग केलं त्यांना फोन केला. ‘जावा-येझदीला हीच चालते, सगळ्यांना हीच देतो,’ म्हणाले.


महूचा_सिग्नल (महू)
गुरुवार, रात्री ९.३०

चालते हे खरं, पण कशी चालते ते बघा. ६ व्होल्टच्या कॉइलचं जाड वेटोळं साधारण दीड ओहमच्या आसपास असतं. ६ व्होल्ट भागिले १.६, म्हणजे पावणेचार ॲम्पिअर. तुमच्या ३.४ ओहमला मिळतात पावणेदोन, निम्म्याहूनही कमी. आणि चुंबकत्वात साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दोन्ही कॉइली हुबेहूब सारख्या नसतात, म्हणून नेमका आकडा सांगत नाही, पण ठिणगी किती अशक्त होत असेल ते समजून घ्या. थंड इंजिनात ती कशीबशी निभावते. तांबं तापलं की त्याचा विरोध आणखी वाढतो, करंट आणखी घटतो.

६ व्होल्टची कॉइल मिळवा. दुकानात मीटर घेऊन जा, डब्यावरच्या छपाईवर जाऊ नका, ओहम मोजून मगच पैसे द्या. जुनी कॉइल फेकली का?


रामबागवाला (इंदूर)
शनिवार, रात्री १०.१५

काका, फेकली नव्हती. बाबांनी जपून ठेवली होती.

सांगायचं राहिलं, बाबा गिरणीत इलेक्ट्रिशियन होते. मी हे काम त्यांच्या नकळत नाही केलं, पण त्यांना खाली बसायला त्रास होतो म्हणून विचारतही नव्हतो. काल मी ‘कॉइल चुकीची निघाली’ म्हणालो, तर ते आत गेले आणि पार्ले बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात गाडीची मूळ कॉइल मेणकापडात गुंडाळलेली, दोन जुने पॉइंट, पॉइंटची फट मोजायचं एक फीलर गेज, आणि एक टेस्ट लॅम्प. स्कूटरच्या ब्रेकलाइटचं होल्डर, त्यात ६ व्होल्ट १८ वॅटचा बल्ब, दोन हात लांब दुहेरी तार, एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला सायकलच्या आऱ्याचा घासून टोकदार केलेला तुकडा.

कॉइल मोजली. १.६ ओहम. बसवली. ठिणगी अशी की भर दुपारी दिसते आणि ऐकू येते.

आज सकाळी निघालो. राजेंद्रनगर ओलांडलं, राऊ ओलांडलं. मी मनात पेढे वाटायला लागलो होतो. राऊच्या पुढे एका टपरीपाशी पुन्हा मिस मारली आणि बंद.

चौदा किलोमीटर झाले. सातवरून चौदा. खरं सांगतो, रस्त्याच्या कडेला बसून डोळ्यांत पाणी आलं.


बडोदेकरीण (वडोदरा)
शनिवार, रात्री १०.३०

दादा, धीर सोडू नका. अंतर दुप्पट झालं म्हणजे कॉइल हा खरा दोष होताच. त्याच्या मागे अजून एक लपलेला आहे. जुन्या गाडीत दोष एकावर एक रचलेले असतात, वरचा काढल्याशिवाय खालचा दिसत नाही.


महूचा_सिग्नल (महू)
शनिवार, रात्री ११.१०

मीटर बाजूला ठेवा. बाबांचा टेस्ट लॅम्प घ्या. १८ वॅटचा बल्ब म्हणजे ३ ॲम्पिअर, जवळजवळ तेवढाच करंट जेवढा कॉइल घेते. तुमच्या बाबांनी तो बल्ब उगाच नाही निवडला.

पॉइंटकडून कॉइलला येणारी तार कॉइलपाशी सोडवा. लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या जिवंत टोकाला, दुसरं त्या सोडवलेल्या तारेला. पॉइंट मिटलेले ठेवा. बल्ब पूर्ण पेटायला हवा, कारण लॅम्पचा करंट आता त्या तारेतून, पॉइंटमधून, अर्थपर्यंत चाललाय. आता तार बोटांनी इंच-इंच वाकवत जा. विशेषतः डायनॅमोच्या झाकणात शिरते तिथे. हे इंजिन गरम असताना करा. आणि करताना बाबांना शेजारी खुर्ची टाका.


रामबागवाला (इंदूर)
रविवार, संध्याकाळी ६.४०

सापडलं.

सकाळी वाड्याच्या अंगणात गाडी पंधरा मिनिटं चालवून तापवली, समोर टेबल फॅन लावून, म्हणजे इंजिन जाम होऊ नये. बाबा खुर्चीवर. लॅम्प जोडला, बल्ब पेटला, छान पिवळाधमक. मी टाकीकडून तार वाकवत खाली आलो. काहीच नाही. डायनॅमोच्या झाकणाच्या रबरापर्यंत आलो. तिथेही काही नाही. मी म्हटलं, तार बरी आहे.

बाबा म्हणाले, ‘सरक.’ वाकले, आणि तार वाकवली नाही, ओढली. अगदी हलकेच, दोन बोटांनी, रबरातून बाहेरच्या दिशेला. बल्ब मंदावला. सोडली, पुन्हा पेटला. पुन्हा ओढली, बल्बच्या आतली तार नुसती लाल दिसेपर्यंत मंदावला आणि विझला.

झाकण काढून तार कापून आणली. रबराच्या आत, पॉइंटच्या स्क्रूपासून दोन बोटांवर, वरचं प्लास्टिक धडधाकट आणि आतलं तांबं तुटलेलं. सोलून बघितलं तर दोन धागे टेकलेले, बाकीचे मागे सरकलेले, टोकं काळवंडलेली. नवा हार्नेस बसवताना तार आखूड पडली होती, ती ताणून स्क्रूला लावली होती. इंजिन तापलं की प्लास्टिक नरम पडायचं, ताण तांब्यावर यायचा आणि टोकं सुटायची. थंड झालं की पुन्हा टेकायची.

तुटलेला तुकडा वेगळा करण्याआधी मीटरने मुद्दाम मोजला. ०.३ ओहम! त्यातला बहुतेक तर मीटरच्या स्वतःच्या तारांचाच. मीटरच्या मते तार उत्तम.

नवी तार जाड घेतली, चार बोटं जास्त लांब ठेवली, थिंबल दाबून वर सोल्डर केलं. बाबांनी लॅम्प लावूनच टायमिंगही तपासून दिलं. किल्ली चालू, लॅम्प पॉइंटच्या दोन बाजूंना, चाक हाताने हळूहळू फिरवायचं. पॉइंट उघडतात त्या क्षणी बल्ब पेटतो. मला हे माहीत नव्हतं. त्यांनी तो दिवा गिरणीत असताना केला होता, १९७८ किंवा ७९मध्ये.


नवी_किक (उज्जैन)
रविवार, संध्याकाळी ७.०५

अंगावर काटा आला वाचताना. बाबांना माझा नमस्कार सांगा. मी उद्याच १८ वॅटचा बल्ब शोधते.


लष्करवाला (ग्वाल्हेर)
रविवार, संध्याकाळी ७.३०

वा! बाबांना साष्टांग नमस्कार.

आता चार्जिंगकडेही बघून घ्या. हेडलाइटला कितीचा बल्ब लावलाय?


रामबागवाला (इंदूर)
रविवार, रात्री ८.००

३५/३५ वॅटचा. दुकानात तोच मिळाला.


महूचा_सिग्नल (महू)
रविवार, रात्री ८.४५

बाबांनी तार वाकवण्याऐवजी ओढली, हे मी लिहायला हवं होतं. इथून पुढे मीही असंच सांगेन.

बल्ब बदला. तुमचा डायनॅमो ४५ वॅटचा. हेडलाइट ३५, टेललाइट ५, स्पीडोमीटरचा बारका दिवा, वर कॉइलचे पंधरा-वीस. रात्री जमेपेक्षा खर्च जास्त, उरलेलं बॅटरीतून जाणार. त्याजागी २५/२५चा बघा. तो लावा, अर्थ नीट असेल तर तो तुमच्या जुन्या ३५पेक्षा जास्त उजेड देईल. दिव्याचा व्होल्टेज वीस टक्क्यांनी पडला तर उजेड जवळपास निम्मा होतो.

चार्जिंगचा लाल दिवा, डायनॅमो चार्ज करत नसला की पेटतो तो, कसा वागतोय?


रामबागवाला (इंदूर)
पुढचा रविवार, रात्री ९.३०

मंडळी, आज जानापाव झालं.

पहाटे साडेपाचला निघालो, बाबा मागे. महूत काकांच्या घरी चहा झाला. काकांनी खाली बसून स्वतः आकडा मोजला, ०.०५. वरचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढलो, मागे दोन सिलेन्सरांचा धूर, आणि बाबा मधूनमधून माझ्या खांद्यावर थोपटत होते. वर पोचल्यावर चंबळ जिथून निघते म्हणतात त्या कुंडापाशी बसलो. येताना ते म्हणाले, ‘दे.’ राऊपर्यंत त्यांनी चालवली. एकूण जाऊन-येऊन शंभरच्या आसपास किलोमीटर, एकदाही मिस नाही.

२५/२५चा बल्ब लावला. काका, लाल दिवा रेस केली की विझतो, इंजिन मंद चालताना मिणमिणतो. बॅटरीवर रेस करून ७.१ येतात. आज परतताना मात्र रेस करूनही दोनदा लुकलुकला.


महूचा_सिग्नल (महू)
पुढचा रविवार, रात्री १०.००

मंद चालताना मिणमिणणं ठीक, डायनॅमोला फेरे कमी पडतात. ७.१ उत्तम. रेसमध्ये लुकलुकतोय म्हणजे डायनॅमोतला करंट बाहेर आणणारे कार्बन ब्रश झिजलेत किंवा अडकतायत. झाकण काढा, ब्रश घरात मोकळा सरकतो का बघा, स्प्रिंगचा दाब बघा. कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासतात तो भाग, बारीक काचकागदाने पुसा, एमरी पेपर वापरू नका, त्याची भुकटी खाचांत बसून पट्ट्या एकमेकींना जोडते. खाचांतली काळी पूड लाकडी काडीने काढा.


रामबागवाला (इंदूर)
सोमवार, रात्री ९.००

उघडलं. एक ब्रश जेमतेम नखाएवढा उरलाय. इंदुरात तीन दुकानं फिरलो, मापाचा मिळाला नाही.


लष्करवाला (ग्वाल्हेर)
सोमवार, रात्री ९.२०

माझ्याकडे येझदीच्या ब्रशची जुनी जोडी आहे, न वापरलेली, एका बंद पडलेल्या दुकानातून घेतलेली. लांबी-रुंदी-जाडी मोजून इथे टाका. जुळली तर भाचा शुक्रवारी मालवा एक्सप्रेसने इंदूरला येतोय, त्याच्या हाती देतो. स्टेशनवर उतरला की फोन करेल.